सोडणं आणि देणं

जनावरांच्या कुठल्याही दवाखान्यात गेलात, तर भिंतीवर लसीकरणाच्या तक्त्याशेजारी हाताने लिहिलेली एखादी चिठ्ठी हमखास दिसते. 'कुत्रा देणे आहे.' खाली जात, वय, 'सर्व लसी झालेल्या', 'अतिशय प्रेमळ' आणि एक फोन नंबर. कधी कारणही दिलेलं असतं : 'बदलीमुळे', 'घरगुती अडचणीमुळे'. जुन्या सायकलीची किंवा शिलाई मशीनची जाहिरात असावी तशी चार ओळींची चिठ्ठी. पण सायकल विकणारा 'अतिशय प्रेमळ' असं लिहीत नाही. त्या दोन शब्दांवरून कळतं, की लिहिणाऱ्याला ही चिठ्ठी लिहिणं जड गेलेलं आहे.

आज मला या चिठ्ठीबद्दल आणि ती लिहिणाऱ्या माणसांबद्दल बोलायचं आहे.

मी कविता लिहितो, त्यामुळे क्रियापदांशी माझा रोजचा व्यवहार. आपल्याकडे कुत्र्याच्या बाबतीत दोन क्रियापदं वापरली जातात. एक, 'कुत्रं सोडलं'. दुसरं, 'कुत्रं दिलं'. दोन्हींत कुत्रं घरातून जातं, घरच्या माणसांना वाईट वाटतं, अंगण रिकामं होतं. फरक एवढाच, की 'सोडलं' या शब्दाला पलीकडे कुणी लागत नाही. घाटात सोडलं, बाजारात सोडलं, ढाब्यावर सोडलं. 'दिलं' म्हटलं की लगेच प्रश्न येतो : कुणाला? द्यायला घेणारा लागतो. आणि घेणाऱ्याचं तोंड पाहावं लागतं, त्याच्याशी बोलावं लागतं, त्याला आपल्या जनावराबद्दल सांगावं लागतं. माझं आजचं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आहे : कुणाला?

खेड्यापाड्यांत जुनी रीत होती. घरातलं कुत्रं नको झालं की त्याला पोत्यात घालायचं, बैलगाडीतून किंवा सायकलवरून नदीपलीकडे न्यायचं आणि पोत्याचं तोंड उघडून परत फिरायचं. पोतं अशासाठी, की त्याला वाट दिसू नये. तरी ते चौथ्या दिवशी दारात हजर, अशा गोष्टी प्रत्येक गावात ऐकायला मिळतात. लोक त्या कौतुकाने सांगतात. त्या चार दिवसांत त्याने काय खाल्लं, किती गावांच्या वेशींवर तिथल्या कुत्र्यांचे चावे सोसले, हे त्या गोष्टीत कधी येत नाही.

आता पोत्याच्या जागी मोटार आली. पण सोडणं तेच राहिलं. मुळात घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्ता कळत नाही. गल्लीतल्या कुत्र्यांचे इलाके ठरलेले असतात, तिथे उपऱ्याला जागा नाही. त्याला वाहनांचा अंदाज नसतो, कुठल्या हॉटेलच्या मागे शिळं मिळतं हे ठाऊक नसतं. ताटात खायची सवय झालेलं जनावर उकिरड्यावर चार दिवस नीट टिकत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले आणि देशभर वाद पेटला. कुत्र्यांच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोललं गेलं. पण ज्यांना आपण भटकी म्हणतो त्यांतली काही कालपर्यंत कुणाच्या तरी दारात होती, त्यांच्या गळ्यावर पट्ट्याची खूण होती, हे त्या गदारोळात फार कुणी बोललं नाही.

कायदा याबद्दल गप्प नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० सालचा. सबळ कारण नसताना, उपाशी-तहानलेलं राहावं लागेल अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा त्यात गुन्हा मानलेला आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिलाय तो जास्तीत जास्त पन्नास रुपये. तेवढ्यात आज दोन माणसांचा चहा-वडा होत नाही. तेव्हा दंडाची भीती कुणाला वाटणार? जे काही वाटायचं, ते आपलं आपल्यालाच वाटलं पाहिजे.

आणि ते वाटावं अशी सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवलेली आहे. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर कोण उरतं? भाऊ गेले, द्रौपदी गेली, सोबत आलेलं एक कुत्रं तेवढं राहिलं. त्याला टाक आणि रथात बस, असं इंद्र म्हणतो, तेव्हा हा म्हातारा राजा स्वर्गाच्या दारात अडून बसतो. माझ्या घरात लहानपणी दुसरी गोष्ट होती. कुराणात गुहेत झोपी गेलेल्या तरुणांची कथा आहे. जुलमाला कंटाळून ते गुहेत जातात आणि शेकडो वर्षं झोपतात. त्यांचं कुत्रं उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून पडलेलं असतं. आमच्याकडची जुनी माणसं त्याचं नाव कितमीर सांगत. ते तरुण नेमके किती होते यावर लोकांत मतभेद होते. कुणी म्हणे तीन आणि चौथं कुत्रं, कुणी म्हणे पाच आणि सहावं कुत्रं, कुणी म्हणे सात आणि आठवं कुत्रं. आकडा बदलतो, पण प्रत्येक मोजणीत कुत्रं आहेच. आमच्या समाजात कुत्र्याला घरात घेण्याबद्दल शिस्त आहे. त्याची लाळ लागली तर भांडं धुवायचं, कपडा बदलायचा. मळ्यातल्या आमच्या घरी कुत्री अंगणात आणि ओसरीच्या पायरीपर्यंत असत, नमाजाच्या खोलीकडे येत नसत. पण 'घरात किती माणसं?' असं कुणी विचारलं, की अब्बा कुत्र्यासकट आकडा सांगत.

तर मोजलेलं माणूस घरातून कमी करायची वेळ येते, तेव्हा काय करायचं?

पहिली गोष्ट म्हणजे, खरंच कमी करायला हवं का ते पाहावं. पुष्कळ वेळा अडचण वाटते तेवढी नसते. सोसायटीत पाळीव प्राणी चालत नाहीत, असं कुणीतरी पदाधिकारी सांगतो आणि माणूस घाबरून चिठ्ठी लावतो. वास्तविक भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने स्पष्ट केलेलं आहे, की सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. बदली झाली म्हणून कुत्रा द्यायचा म्हणतात. रेल्वेत फर्स्ट एसीचा अख्खा कूपे काढला तर कुत्रा सोबत नेता येतो. तेवढी ऐपत नसेल तर गार्डच्या डब्यात त्यासाठी पेटी असते. लसीकरणाचा दाखला मात्र हवा. घरात बाळ येणार, एवढंच कारणही पुरेसं नसतं. डॉक्टरांना विचारावं, जनावराला लस-जंतांचं औषध वेळेवर द्यावं आणि दोघांना एकटं सोडू नये, एवढ्यावर पुष्कळांचं निभावतं.

पण कधी कधी खरोखर इलाज नसतो. आमच्या आपाचं असंच झालं.

आपा म्हणजे माझी थोरली बहीण. तासगावच्या पुढे त्यांचा थोडा मळा, त्यात साधं कौलारू घर. दुल्हाभाई वारले आणि ती एकटी पडली. २०२२ साली तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं, मळा कसायला देऊन पुण्याला मुलाकडे जायचं ठरलं. मुलाचं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. सुनेला दमा, आणि कुत्र्याच्या केसांनी तो उसळतो हे डॉक्टरांनी तपासून सांगितलेलं. आपाकडे दोन कुत्री होती. मोती हा सहा वर्षांचा, पांढरा-तांबूस, लॅब्राडोरचं रक्त असलेला. आणि काळी ही नऊ वर्षांची गावठी कुत्री. मोती पिल्लू म्हणून आला तेव्हा काळीनेच त्याला सांभाळलं होतं. तो तिच्या पाठीला पाठ लावूनच झोपायचा.

लोक दोन प्रकारचं बोलले. काहीजण म्हणाले, "एवढं काय, कुत्रंच ते. दर्ग्यापाशी सोडा, खायला मिळेल." आणि काहीजण म्हणाले, "पोरांसारखी वाढवलीत आणि आता देऊन टाकता?" दोन्ही बोलणी तिला सारखीच लागली. आम्ही घरात दख्खनी बोलतो. ती मला जे म्हणाली ते मराठीत सांगतो. "अरे, माझी सोय लागली. यांचीही लागेपर्यंत मी ऑपरेशनची तारीख घेत नाही." आणि तिने तीन महिने तारीख घेतली नाही. गुडघा धरून चालत राहिली.

मुलीला स्थळ पाहावं तशी आम्ही स्थळं पाहायला लागलो. मोतीला मागणी लगेच आली. बेदाण्याची शेड असलेले एक बागायतदार आले. राखणीला कुत्रा हवा होता. शेड पाहायला गेलो, तर एका खांबाला चार हात साखळी आणि खाली झिजून झालेला गोल खड्डा. आधीचं कुत्रं त्या गोलात किती वर्षं फिरलं असेल ते जमिनीवरच लिहिलेलं होतं. आपा काही बोलली नाही. चहा घेतला आणि परत आलो. मग एक शहरातलं कुटुंब आलं. माणसं चांगली, मुलांनी मोतीच्या गळ्यात हात टाकले. पण काळीकडे पाहून बाई म्हणाल्या, "ही म्हातारी कशाला? हिला दुसरीकडे द्या." तिसऱ्या एकाने पैसे देऊ केले. त्याला मोतीची पिल्लं विकायची होती. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी सल्ला दिला, की आधी मोतीची नसबंदी करून घ्या, म्हणजे अशी गिऱ्हाइकं आपोआप गळतील. तसंच झालं.

काळीची तर कुणी चौकशीच करत नव्हतं. वय झालेलं, रंगाने काळं, गावठी जातीचं जनावर, याला आपल्याकडे मागणी नसते. हस्की पाहिजे, पग पाहिजे. इथल्या हवेत ज्यांचा जीव गुदमरतो ती कुत्री हजारो रुपये मोजून आणायची आणि इथल्या मातीतलं फुकट मिळालं तरी नको.

शेवटी मिरजेच्या बाजूने एक निवृत्त पोस्टमन आले. हसू नका, खरंच पोस्टमन. म्हणाले, "तीस वर्षं कुत्र्यांनी माझ्या सायकलचा पाठलाग केला. त्यामुळे मला कुत्री वाचता येतात." त्यांचं स्वतःचं कुत्रं आदल्या वर्षी म्हातारं होऊन गेलं होतं. घरी ते, त्यांची पत्नी, समोर थोडी मोकळी जागा, सभोवती तारेचं कुंपण. इतर सगळ्यांनी मोतीची जात विचारली होती. या गृहस्थांनी जात विचारली नाही. विचारलं, "काय खातात? फटाक्यांना भितात का? रात्री कुठं झोपतात? दोघांतलं आधी कोण जेवतं?" मला तिथेच वाटलं, स्थळ मिळालं. घेणारा माणूस ओळखायची ही साधी खूण आहे. ज्याला जनावर हवं असतं तो प्रश्न विचारतो, ज्याला वस्तू हवी असते तो किंमत विचारतो.

मग आपाने त्यांना सगळं सांगितलं. मोती कोंबड्यांच्या मागे लागतो. जेवताना त्याच्या ताटाला हात लावला तर गुरगुरतो. दिवाळीत पलंगाखाली शिरतो. काळीच्या पोटाखालची गाठ काढलेली आहे, ती पुन्हा येऊ शकते. शेजारची बाई मधेच म्हणाली, "खोडी कशाला सांगता? कोण घेईल मग?" आपा म्हणाली, "आज सांगितलं नाही, तर उद्या त्यांना आपलं आपण कळेल. तेव्हा हे दोघं त्यांच्या दारात असतील आणि मी नसेन." श्रोतेहो, कुत्रा देणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य लक्षात ठेवावं. चिठ्ठीवर 'अतिशय प्रेमळ' लिहिणं सोपं असतं. पण झाकून ठेवलेली खोड नव्या घरात बाहेर येते, आणि तिची शिक्षा जनावर भोगतं. पुष्कळ कुत्री अशीच दोन-तीन घरं फिरून शेवटी रस्त्यावर येतात.

पोस्टमनदादा शांतपणे म्हणाले, "कोंबड्या आमच्याकडे नाहीत. आणि जेवताना मलाही कुणी हात लावलेला चालत नाही."

लगेच मात्र दिली नाहीत. ते दोघं नवरा-बायको दोनदा मळ्यात येऊन बसले. मग एकदा आपा दोन्ही कुत्र्यांना घेऊन त्यांच्याकडे दिवसभर राहून आली. देताना लसीकरणाची कार्डं दिली, रोजच्या जेवणाची जर्मनची थाळी दिली आणि दोघांच्या झोपायची वाकळ दिली. वाकळ धुतली नव्हती, मुद्दामच. कुत्र्याला घर नाकाने कळतं. नव्या ठिकाणी आपला वास असलेली एक वस्तू असली, की त्याला तेवढाच आधार. पहिले पंधरा दिवस खाणं तेच ठेवायचं, जागा एकदम मोकळी करायची नाही, लाडही एकदम करायचे नाहीत, असं ठरलं. आणि एक गोष्ट मी कागदावर लिहून घेतली : जमलं नाही तर कुत्री दुसऱ्या कुणाला द्यायची नाहीत, आधी आम्हाला कळवायचं. काय व्हायचं ते होवो, पण ती कुठे आहेत हे आम्हाला माहीत असलं पाहिजे.

काळीने पहिल्याच संध्याकाळी खाल्लं. मोतीने दोन दिवस तोंड लावलं नाही, दाराकडे तोंड करून बसून राहिला. पोस्टमनदादा रोज संध्याकाळी फोन करून मला वृत्तांत देत. कुत्री सांभाळणारी अनुभवी मंडळी एक ठोकताळा सांगतात : भीती जायला तीन दिवस, रीत कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. प्रत्येक जनावर वेगळं, पण मोतीचं साधारण तसंच झालं. तिसऱ्या दिवशी तो काळीच्या थाळीतलं खायला लागला. दोघं एकत्र दिल्याचा तो फायदा. महिन्याभराने त्याने नव्या दारात परक्या माणसावर भुंकून दाखवलं, तेव्हा पोस्टमनदादांनी ती बातमी मला सरकारी नोकरीची ऑर्डर आल्यासारखी कळवली.

कुत्र्याच्या आधी रमली नाही ती आपा. ऑपरेशन झालं, पुण्यात ती चालायला लागली, स्वयंपाकात हात घालायला लागली. सून मला फोनवर सांगायची, "मामा, अम्मी रोज दोन भाकऱ्या जास्तीच्या करतात." कुणी तिला टोकलं नाही. त्या भाकऱ्या खालच्या वॉचमनच्या मुलांना जायच्या. कुत्रा दिल्यावर घरातल्या माणसाला दुःख होतं, आणि त्याला दुःख म्हणायची आपल्याकडे सोय नाही. सुतक नाही, भेटायला कुणी येत नाही. पण तीन महिने रोज ठराविक वेळी ज्याचा हात पीठ मळताना अडखळतो, त्याला निदान 'कुत्रंच ते' म्हणू नये, एवढं आपण करू शकतो.

इथे कुणी मला जपानच्या हाचिकोची आठवण करून देईल. टोकियोचे प्राध्यापक उएनो यांचा हा कुत्रा रोज शिबुया स्टेशनवर त्यांना आणायला जायचा. १९२५ साली प्राध्यापक वारले, तरी तो १९३५ मध्ये मरेपर्यंत स्टेशनवर येत राहिला. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि ती ऐकून वाटतं, कुत्रा दुसऱ्या घरी रमतच नाही, देणं म्हणजे त्याचा विश्वासघातच. पण या गोष्टीचा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही. प्राध्यापकांच्या मागे हाचिकोला एकदोन घरी ठेवून पाहिलं गेलं. तिथे जमलं नाही. मग प्राध्यापकांच्याच जुन्या माळ्याने त्याला आपल्याकडे ठेवलं, त्याला खाऊ घातलं. स्टेशनवर वाट पाहणाऱ्या त्या कुत्र्याला परत जायला एक घर होतं. पुतळा वाट पाहणाऱ्याचा झाला, ते ठीकच. पण रात्री त्याच्यासाठी दार उघडं ठेवणारा तो माळी मला जास्त जवळचा वाटतो. जुन्या मालकाची आठवण काढणारं जनावर त्याने तसंच स्वीकारलं, आठवणीसकट.

पोस्टमनदादांनीही तसंच केलं. त्यांनी नावं बदलली नाहीत. आपा कधी फोनवर बोलली, की ते आवाज मोठा करून मोतीपुढे धरायचे. तीन महिन्यांनी आम्ही भेटायला गेलो, तेव्हा मोतीने आपाला पाडायचंच बाकी ठेवलं होतं. काळी आपाच्या पायाशी येऊन बसली आणि निघायच्या वेळी उठून पोस्टमनदादांच्या पायाशी गेली. आपा गाडीत बसल्यावर म्हणाली, "आता मी दोनच्या दोन भाकऱ्या करीन." म्हणजे तिच्यापुरत्या.

२०२४ च्या थंडीत काळीची ती गाठ पुन्हा आली. औषधपाणी पोस्टमनदादांनीच केलं, एक पैसा मागितला नाही. ती गेली त्या सकाळी त्यांनी मला नाही, थेट आपाला फोन केला. मी तेव्हा पुण्यात तिच्याकडेच होतो, फोनचा आवाज मोठा असल्याने मलाही ऐकू आलं. ते म्हणाले, "आपा, आपली काळी गेली."

मराठीत 'आमची' असं म्हणता येतं आणि 'तुमची' असंही म्हणता येतं. त्या माणसाने 'आपली' म्हटलं. आपाने डोळ्यांना पदर लावला आणि विचारलं, "मोती जेवला का?"

मोती तिथेच आहे. आता त्याच्या तोंडावरचे केस पांढरे झालेत. तुमच्यापैकी कुणाला उद्या अशी चिठ्ठी लिहावी लागली, तर जरूर लिहा, त्यात लाज नाही. फक्त खोडी लपवू नका, घाई करू नका, आणि घेणाऱ्याचं घर पाहिल्याशिवाय कुत्र्याची साखळी त्याच्या हातात देऊ नका.